कैदी मामाजी

माझ्या लग्नात व्याहीभेटीच्या वेळी माझ्या सासऱ्यांनी माझ्या वडिलांना मिठी मारली, इथपर्यंत सगळं रीतीला धरून झालं. मग त्यांनी वडिलांच्या उजव्या गालाचा मुका घेतला. वडील सावरायच्या आत डाव्या गालाचाही घेतला. माझे वडील भंडाऱ्यातले पितळी भांड्यांचे व्यापारी. कोणी हातात हात दिला तर तो गेल्यावर भांडी पुसायच्या फडक्याला हात पुसणारे. ते फेट्यासकट दोन पावलं मागे सरकले. वाजंत्री थांबली. माझी मावशी म्हणाली, "प्यायले आहेत." प्यायले नव्हते. वरपक्षाकडचा एक टकला म्हातारा शांतपणे पुढे आला आणि वडिलांना म्हणाला, "काही नाई जी, इटलीचा आजार आहे त्याले. आनंद झाला का उसळते."

अड्याळात माझ्या सासऱ्यांना सगळे 'कैदी' म्हणत. दुसऱ्या महायुद्धात ते फौजेत होते, पण लढाईत काढलेला काळ थोडा आणि इटलीतल्या कैदेत काढलेला बराच. एसटी स्टँडवर उतरून "कैद्याचं घर कोणतं?" असं विचारलं की पानवाला मान वर न करता बोट दाखवी. माझं लग्न ठरवताना मात्र हे कोणी सांगितलं नव्हतं. मुलगा हायस्कुलात इतिहास शिकवतो, घरी धानाची शेती आहे, सासू नाही, एवढं ऐकूनच वडील खूश झाले होते. आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात. म्हणून गावाचे ते कैदी आणि माझे ते कैदी मामाजी. नवऱ्याचं नाव त्या काळी मी घेत नसे, पण इथे मनोहर असंच लिहिते, नाहीतर 'हे' आणि 'ते' यांत वाचणाऱ्याचा गोंधळ व्हायचा.

सासू नसलेल्या घरात स्वयंपाक कोण करतं, हा प्रश्न मला बोहल्यावर उभी असताना सुचला नव्हता. स्वयंपाक मामाजी करत. मी घरात आले, माप ओलांडलं, आणि आजूबाजूच्या बायका माझा पदर, माझी नथ, माझी उंची तपासत असताना हा माणूस चुलीपुढून उठून आला आणि म्हणाला, "बाई, भूक लागली का?" लग्नाच्या सगळ्या दिवसात हे मला कोणीही विचारलं नव्हतं. मी मान हलवली. त्यांनी ताट आणलं. ताटात गव्हाच्या पिठाचे लांब, रुंद पट्टे होते. वर भेदरं, म्हणजे टोमॅटो, लसूण आणि लाल मिरची घालून शिजवलेला रस्सा. "मांजा," ते म्हणाले. मला वाटलं, पदार्थाचं नाव असेल. दिसायलाही पतंगाच्या मांज्यासारखाच गुंता होता. "मांजा म्हंजे खा," त्यांनी सांगितलं, "तिकडच्या बाया दिवसभर दुसरं काही बोलतच नाई." मी खाल्लं. माहेरची आठवण येऊन रडायचं ठरवलं होतं, ते राहून गेलं.

दर उन्हाळ्यात शेजारच्या बाया अंगणात शेवया वाळवत, तेव्हा मामाजी आपले पट्टे बाजेवर धोतर अंथरून वाळत घालत. "कैद्यानं शेवया बी धड नाई केल्या," बाया म्हणत. मामाजी म्हणत, "तुमच्या शेवया बारीक हायेत, मन बी तसंच." आणि तरी दुपारी त्यातल्याच एखादीच्या घरी वाटीभर रस्सा पोचता करत.

मनोहर रात्री उद्याच्या तासाची तयारी मोठ्यानं वाचून करत. एकदा ते महायुद्धाची कारणं वाचत होते. पराभूत राष्ट्रावर लादलेला अपमानकारक तह, बेकारी, हुकूमशहांची हाव. मामाजी अडकित्त्यानं सुपारी कातरत ऐकत होते. "बूट नाई आलं का त्यात?" त्यांनी विचारलं. मनोहरांनी पुस्तक मिटलं. बुटाची कथा त्यांना पाठ होती. मामाजींचा एक चुलतभाऊ फौजेतून सुट्टीवर आला, तो पायात बूट घालून. धान कापलेल्या बांधीत, म्हणजे खाचरात, खुंटं सुईसारखी उभी असतात, तिथून अनवाणी चालणं म्हणजे पाय फाडून घेणं. हा पठ्ठ्या त्यातून मुंबईच्या शेठासारखा फिरून आला. मामाजींनी दुसऱ्याच दिवशी भंडाऱ्याला जाऊन भरतीच्या रांगेत उभं राहायचं ठरवलं. "तिथं सायबानं विचारलं, लढशील का? म्या विचारलं, बूट आधी का लढाई आधी?"

बूट आधी मिळाले. एक नंबर मोठे. लढाई मात्र वाळवंटात होती, तिथे धानाची खुंटं नव्हती. मामाजींची तुकडी रस्ते आणि खंदक खणायची. बंदूक मिळाली होती, पण तिच्या नळीत कायम वाळू. एका सकाळी जर्मनांच्या गाड्यांनी चारी बाजूंनी वेढा घातला. पुढचा भाग मामाजी उभं राहून सांगत, दोन्ही हात वर करून. "सायबानं पयले हात वर केले. आपन सायबाच्या आधी कसे करनार? शिस्त आहे ना. म्या दुसरे केले." जर्मनांनी त्यांना इटलीवाल्यांच्या ताब्यात दिलं, पण त्याआधी एका जर्मन शिपायानं त्यांच्या पायातले बूट उतरवून घेतले. "ज्याच्यासाठी गेलो होतो थेच गेलं," मामाजी म्हणत. "माई लढाई तिथंच संपली. बाकी लोकं काहून लढून राहिले होते, ते त्याहिले इचारा."

इकडे अड्याळात ते बेपत्ता असल्याचं कळलं आणि बरेच दिवस वाट पाहून घरच्यांनी त्यांचे दिवस करून टाकले. चुलतभावांनी मुंडण केलं. लढाई संपल्यावर मामाजी वरठी स्टेशनला गाडीतून उतरले आणि चालत, बैलगाडीनं, पुन्हा चालत घरी आले, तेव्हा त्यांची आई भीतीनं दार लावून बसली. माझ्या लग्नात पुढे आलेला तो टकला म्हातारा म्हणजे त्या मुंडण केलेल्या भावांपैकी एक, तुकाराम. मामाजी आल्यागेल्याला त्याची ओळख करून देत, "याचे केस माया नावानं गेले. मी वापस आलो, केस नाई आले."

सरकारकडून त्यांना एक पदक मिळालं होतं. मी लग्न होऊन आले तेव्हा ते गोठ्यातल्या एका खोडकर गोऱ्ह्याच्या गळ्यात होतं. "पळून जायची सवय आहे याले," मामाजी म्हणाले, "म्हनून देल्लं. माया खालोखाल याचाच नंबर."

हे सगळं ऐकून गाव हसे. मनोहर हसत नसत. इतिहासाच्या शिक्षकाच्या घरी एकच लढलेला माणूस, आणि तो बापच, आणि तोही असा. शाळेत मुलं पाठीमागे 'कैदीसर' म्हणत. त्यात घरातलं त्यांचं लाडाचं नाव होतं पेपा. मामाजींनी ठेवलेलं. बाजारात, शाळेच्या फाटकाशी, कुठेही मामाजी हाक मारत, "ए पेपा, छत्री विसरला!" आणि पाचवीपासून दहावीपर्यंतचे वर्ग खिदळत. मनोहर घरी येऊन म्हणत, "बाबा, मी मास्तर आहे आता. मले पेपा म्हनू नका." मामाजी म्हणत, "हाव." दुसऱ्या दिवशी परत पेपा.

बांगलादेशची लढाई संपली त्या दिवशी ग्रामपंचायतीच्या रेडिओभोवती सगळं गाव जमलं होतं. शत्रूची अख्खी फौज शरण आल्याची बातमी सांगितली गेली आणि गुलाल उधळला गेला. कोणीतरी ओरडलं, "कैदीबुवाले बोलू द्या! फौजी माणूस आहे!" मामाजींना ओट्यावर चढवलं. गुलालानं लाल झालेला तो उंच माणूस डोळ्यांवरचा गुलाल पुसून म्हणाला, "येवढे लोकं शरन आले. त्याहिले जेवाले कोन देऊन राहिलं?"

गुलाल उधळणारे हात वरच थांबले. मग एका पोरानं आवाज दिला, "कैदी तो कैदीच! दुश्मनाचीच काळजी!" दुसरा काहीबाही बोलला. मनोहरांनी बापाला दंडाला धरून खाली उतरवलं आणि घरी आणलं. घरी आल्यावर फुटले. "एक दिवस, बाबा! एक दिवस तरी गावासारखं बोलता आलं असतं ना!" मामाजी पाय धूत होते. "म्या वाईट काय म्हनलं? भूक लागते ना बाप्पा कैद्याले. मले मालूम आहे." मनोहर त्या दिवशी जेवले नाहीत. त्यांचं ताट मामाजींनी झाकून ठेवलं आणि चुलीपाशी बसून राहिले.

नंतर दोनेक वर्षांनी हायस्कुलात सव्वीस जानेवारीला गावातल्या माजी सैनिकाचा सत्कार करायचं ठरलं. हयात माजी सैनिक एकच होता. मनोहरांनी ही संधी मानली. गोऱ्ह्याच्या गळ्यातलं पदक काढून चिंचेनं घासलं, नवी पांढरी टोपी आणली आणि आठवडाभर बापाकडून भाषण पाठ करून घेतलं. मी भाकरी थापताना ऐकत असे.

"म्हणा, मातृभूमीच्या हाकेला ओ देऊन..."

"मातृभूमी तर इथंच होती. मी तिकडं वाळूत खड्डे खनत होतो."

"बाबा!"

"बरं. मातृभूमीच्या हाकेले ओ देऊन. पुढं?"

"शत्रूशी प्राणपणानं झुंज दिली."

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी तव्याकडे पाहिलं. पण ते म्हणाले, शेवटपर्यंत म्हणाले. आदल्या दिवशी तर अगदी स्वच्छ, न अडखळता म्हणून दाखवलं. मनोहर खूश झाले. मला मात्र ते भाषण म्हणणारे मामाजी ओळखू येईनात.

त्या सकाळी शाळेच्या पटांगणात सगळं गाव होतं. भंडाऱ्याहून प्रमुख पाहुणे आले होते. नारळ, शाल झाली. मामाजी बोलायला उभे राहिले. माझे आणि मनोहरांचे ओठ त्यांच्याआधीच हलू लागले, मातृभूमीच्या हाकेला...

"मले सरानं शिकवून आनलं आहे," मामाजी म्हणाले. "रक्त सांडलं म्हनायचं आहे. सांडलं होतं. कुदळ पायावर पडली होती तवा."

मुलं हसली. मनोहरांनी डोळे मिटले.

"शाल चांगली आहे. थंडीत कामी येईल. पन वीर म्हनून देल्ली, तर वीर मी नोहो. म्या एक वीर पायला आहे, तो सांगतो. मंग बसतो."

आणि त्यांनी सांगितलं. इटलीच्या राजानं लढाई सोडली, त्या सकाळी कैदखान्याचं फाटक उघडंच दिसलं. पहारेकरी आपापल्या घरी पळाले होते. पण देशात जर्मन होते, आणि ते सुटलेल्या कैद्यांना शोधत होते. मामाजी डोंगरात पळाले. भुकेनं चालवेना, म्हणून एका शेतकऱ्याच्या घरापाशी गेले. "दारावर लाल मिरच्यांच्या माळा वाळून राहिल्या होत्या. मले वाटलं, अड्याळच आलं." घरात एक म्हातारी होती. तिचा मोठा पोरगा लढाईवर रशियाच्या बर्फात गेला होता, तो परत आला नव्हता. नवरा नव्हता. धाकटा पोरगा तिच्याजवळ होता. तिनं मामाजींना काही विचारलं नाही, जेवू घातलं. हिवाळाभर त्यांना गवताच्या गंजीत लपवून ठेवलं. ते तिची कणीक मळून देत, लाकडं फोडून देत. पोरगा त्यांना तिकडची भाषा शिकवी, आणि हे त्याला आमच्या झाडीपट्टीतल्या शिव्या शिकवत.

"त्याचं नाव पेपे," मामाजी म्हणाले.

पटांगणातल्या प्रत्येक पोराला मनोहर सरांचं घरचं नाव ठाऊक होतं. सगळ्या माना वळल्या. ह्या वेळी कोणी हसलं नाही.

"एक दिवस दुपारी जर्मन आले. मी गंजीत होतो. फटीतून दिसे. म्हातारीले इचारलं, कैदी कुठं आहे? नाई म्हने. पोराले इचारलं. नाई म्हने. त्याले भिंतीपाशी उभा केला, पुन्हा इचारलं. गंजीकडं त्यानं पायलं बी नाई. नाई म्हने."

मामाजींनी टोपी काढून हातात घेतली.

"त्याले मारलं जी. म्हातारीसमोर. मी गंजीतच होतो. बाहीर नाई आलो. मंग ते गेले. दिवस मावळाले म्हातारी गंजीपाशी आली. मले वाटलं, आता हे विळ्यानं कापंल मले. बरंच होईल. तिच्या हातात भाकर होती. तिनं पुढं केली न् म्हने, खा." त्यांनी टोपीची घडी केली, पुन्हा उघडली. "म्या खाल्ली. भूक लागली होती. पोरगं अंगनात चादरीखाली होतं न् म्या अख्खी भाकर खाल्ली. थे म्हातारी वीर. थे पोरगं वीर. मी जेवलो तेवढंच."

ते खाली बसले. टाळ्या वाजवायच्या की नाही, हे कोणाला कळेना. प्रमुख पाहुण्यांनी घरून ठरवून आणलेलं भाषण केलं. त्यात वीरांची यादी मोठी होती, पेपे नव्हता. मग जनगणमन झालं आणि लाडू वाटले गेले.

घरी येऊन जेवायला बसल्यावर मनोहर म्हणाले, "बाबा, तुम्ही मले हे कधी सांगितलं नाई."

"तू कधी इचारलं? तू तं मेडल घासत होता."

मग मनोहरांनी विचारलं, "केवढा होता?"

"तुया दहावीच्या पोरांएवढा. मिशी फुटून राहिली होती. रोज आरशात पाये."

"मंग त्या म्हातारीले पुढं कधी पत्र नाई पाठवलं?"

"काय लिवाव?" मामाजींनी ताटातून मान वर केली. "तुयं पोरगं माया पायी गेलं, मी सुखरूप आहो?"

पुढच्या सुट्टीत मनोहर शाळेतून मोठा नकाशा घेऊन आले. ओसरीवर पसरून बापलेक त्यावर ओणवे झाले. मामाजींना गावाचं नाव नीट आठवत नव्हतं, म्हातारीचं नाव तर कधी कळलंच नव्हतं. ते तिला तिच्या पोरासारखं 'माम्मा' म्हणत. डोंगराला उंटासारखी दोन वशिंडं होती, खाली ओढा होता, एवढं त्यांना ठाऊक. "गाव येवढं बारीक नसते जी नकाशात," शेवटी मामाजींनीच लेकाची समजूत काढली. पण त्यानंतर भर बाजारात कोणी पेपा म्हणून हाक मारली, की मनोहर "ओ" देऊ लागले. आणि शाळेत महायुद्ध शिकवून झालं की एक तास जास्तीचा घेऊ लागले. त्या तासाला ते काय सांगत, हे मला मुलांच्या आयांकडून कळे. परीक्षेत त्यावर प्रश्न येत नसे.

मामाजी गेले ते धानाची कापणी चालू असताना. चार दिवस आजारी होते. डॉक्टर आले, नाडी पाहून गंभीर झाले, तेव्हा म्हणाले, "भिऊ नका जी डाक्टर, मी एकदा मेलो आहो. मले आदत आहे." माझी मुलगी तेव्हा पाच-सहा वर्षांची होती. तिला जवळ घेऊन त्यांनी तिचे दोन्ही गाल ओले केले, आणि मला म्हणाले, "बाई, पाहुणे येतील दहा दिवस. पीठ जास्त दळून ठेव."

दहाव्या दिवशी पवनीला वैनगंगेच्या घाटावर गेलो. आम्ही बाया वरच्या पायऱ्यांवर बसलो होतो. खाली मनोहर, तुकारामकाका आणि भाऊबंद. गुरुजींनी पिंड मांडला, मंत्र सुरू केले. मध्येच मनोहर म्हणाले, "गुरुजी, अजून एक मांडा."

"कोणाचा?"

"आजीचा."

"तुमच्या आजीचं सगळं माझ्या वडिलांच्या हातून झालं आहे. मला चांगलं आठवतं."

"ही दुसरी. बाबांची तिकडची आई."

गुरुजींनी मंत्र थांबवून मनोहरांकडे नीट पाहिलं. "गेली आहे ना पण? जिवंत माणसाचा पिंड करत नाहीत."

"चाळीस वर्षं झाली. तेव्हाच म्हातारी होती."

"नाव?"

"नाव ठाऊक नाही. माम्मा म्हणत."

"गोत्र?"

मनोहरांनी मागे भाऊबंदांकडे पाहिलं. मागून तुकारामकाका मोठ्यानं म्हणाले, "इटली म्हना ना जी गुरुजी, काहून तरास देऊन राहिले पोराले!" घाटावर दोघं-तिघं हसले. मलाही हसू आलं, आणि त्या घाटावर हसल्याचं मला मुळीच वाईट वाटलं नाही.

"गोत्र माहीत नसलं की काश्यप म्हणतात," गुरुजी म्हणाले. अशा रीतीनं डोंगरातली ती ख्रिस्ती शेतकरीण काश्यप गोत्राची झाली. पण गुरुजींनी परात पुढे ओढली, तर परातीत पीठ उरलं नव्हतं. त्यांनी दोन्ही हात उलटे करून दाखवले.

मनोहर वाकले. पानावर वडिलांचा पिंड होता, तो त्यांनी स्वतःच्या हातानं उचलला आणि गुरुजींपुढे धरला.

"यांच्यातला अर्धा मोडून घ्या," ते म्हणाले.